कोळशाच्या गावांची नॉर्दर्न लीग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डार्लिंग्टनला येऊन मला अकरा वर्षं झाली. शनिवारी दुपारी तीन वाजता मी कुठे सापडेन हे इथल्या मराठी मंडळींना आता पाठ झालंय. त्यामुळे कुणी नवीन राहायला आलं आणि त्याला फुटबॉलची आवड असली, की त्याचे प्रश्न माझ्याकडे येतात. पुण्याहून मामेभाऊ फोनवर विचारतो ते वेगळेच. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

नॉर्दर्न लीग म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, मुख्यतः डरहॅम, नॉर्दम्बरलंड आणि टाइन-टीज नद्यांच्या काठच्या गावांत खेळली जाणारी साखळी स्पर्धा. ती १८८९ मध्ये सुरू झाली. १८८८ ची ‘फुटबॉल लीग’ (व्यावसायिक क्लबांची मोठी साखळी स्पर्धा) सोडली, तर आजही चालू असलेली याहून जुनी फुटबॉल लीग जगात नाही. मुंबईत रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली १८९१ मध्ये, म्हणजे हिच्यानंतर दोन वर्षांनी.

आज तिचे दोन विभाग आहेत. पहिला विभाग इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत नवव्या पायरीवर येतो. ‘नववी पायरी’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा उत्साह मावळतो, हे मी अनेकदा पाहिलंय. पण ही पायरी खेळाच्या दर्जामुळे वाट्याला आलेली नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

ती सुरू कोणी केली?

चार्ल्स सॅम्युअल क्रेव्हन या डार्लिंग्टनच्या इंजिनियरने. त्याआधी क्लब चषकांच्या बाद फेऱ्या आणि मैत्रीचे सामने खेळत. बाद फेरीत हरलं की हंगाम संपला, आणि मैत्रीच्या सामन्याला समोरचा संघ ऐनवेळी येईलच याची खात्री नाही. ठरलेल्या तारखांना ठरलेले सामने ही फुटबॉल लीगची युक्ती क्रेव्हननी उचलली आणि मार्च १८८९ मध्ये डरहॅमला क्लबांची बैठक घेतली. पहिल्या हंगामात दहा संघ होते आणि पहिलं विजेतेपद डार्लिंग्टन सेंट ऑगस्टीन्सने पटकावलं.

न्यूकॅसल युनायटेड खरंच या लीगमध्ये होता?

होता, पण त्या नावाने नाही. न्यूकॅसल शहराचे दोन संघ होते, ईस्ट एंड आणि वेस्ट एंड. दोघेही पहिल्या दहांत. १८९२ मध्ये वेस्ट एंड कर्जात बुडाला आणि त्याचं सेंट जेम्स पार्क हे मैदान ईस्ट एंडकडे आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ईस्ट एंडने नाव बदलून न्यूकॅसल युनायटेड केलं. आज पन्नास हजारांवर लोक ज्या मैदानात बसतात, तिथे एकेकाळी या लीगचे सामने झाले आहेत.

मिडल्सब्रोही पहिल्या दहांतलाच. त्या शहरात पुढे आयर्नोपोलिस नावाचा दुसरा क्लब निघाला. लोखंडाच्या भट्ट्यांवर उभ्या राहिलेल्या शहराला शोभेल असंच नाव. त्यांनी १८९१, १८९२ आणि १८९३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली, एक हंगाम फुटबॉल लीगमध्ये काढला, आणि १८९४ मध्ये पैशाअभावी क्लब बंद पडला.

ही ‘हौशी’ लीग होती म्हणतात. म्हणजे काय?

मराठीत हौशी म्हटलं की हौशे, गवशे, नवशे आठवतात. रविवारी पोट कमी करायला खेळणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. इथे तसा अर्थ घेऊ नका. हौशी खेळाडू म्हणजे खेळण्याचा मोबदला न घेणारा, एवढंच. सुरुवातीला या लीगमध्ये व्यावसायिक आणि हौशी दोन्ही संघ होते. मोठे क्लब बाहेर पडल्यावर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ती पूर्ण हौशी झाली. खेळाडू आठवडाभर खाणीत, शाळेत नाहीतर कारखान्यात राबायचा आणि शनिवारी खेळायचा. हाच माणूस पुढे एक लाख लोकांसमोर लंडनच्या वेम्बली मैदानावर उतरायचा.

मग पैसे खरंच मिळत नव्हते?

नियमाने नाही, प्रत्यक्षात पुष्कळदा मिळत. सामना संपल्यावर बुटात पाय घालायला जावं तर आत नोटा, म्हणून त्याला इथे ‘बुटातले पैसे’ असंच म्हणायचे. प्रवासखर्चाच्या नावाखालीही रक्कम दिली जाई. १९२० च्या दशकाच्या शेवटी फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, चौकशी लावली, या लीगमधल्या क्रुक टाउन क्लबवर कारवाई झाली आणि डरहॅम परगण्यातले शेकडो खेळाडू निलंबित झाले.

मला यात लाजिरवाणं काही दिसत नाही. शनिवारची पाळी बुडवून खेळणाऱ्या खाणकामगाराची मजुरी जात होती. ती कुणीतरी भरून दिली, तर त्याने खेळाशी बेइमानी केली असं म्हणता येत नाही. ज्यांना मजुरीची चिंता नव्हती, त्यांनी केलेला तो नियम होता. अखेर १९७४ मध्ये असोसिएशनने हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला.

एमेच्युअर कप काय होता आणि तो एवढा महत्त्वाचा का?

हौशी संघांची देशभरातली बाद फेरीची स्पर्धा. १८९३-९४ ते १९७४ अशी ती चालली. १९४९ पासून अंतिम सामना वेम्बलीवर होऊ लागला आणि मैदान भरू लागलं. दक्षिणेकडे लंडनच्या आसपासचे संघ, उत्तरेकडे ही कोळशाची गावं, अशी जुनी चुरस होती.

या स्पर्धेत नॉर्दर्न लीगच्या बिशप ऑकलंडने दहा वेळा चषक जिंकला. इतर कुणीही त्याच्या जवळपास फिरकलं नाही. १९५५, १९५६ आणि १९५७ असा सलग तीनदा जिंकला, हे तर विशेषच. क्रुक टाउन पाच वेळा अंतिम फेरीत गेला आणि पाचही वेळा जिंकला. स्टॉकटनकडे तीन चषक. १९५० मध्ये विलिंग्टनने अंतिम सामन्यात बिशप ऑकलंडला ४-० असं हरवलं. विलिंग्टन हे खाणीच्या कडेला वसलेलं छोटं गाव. त्या दिवशी वेम्बलीवर ८८ हजार लोक होते.

१९५४ च्या अंतिम सामन्याबद्दल इथले म्हातारे इतकं का बोलतात?

कारण दोन्ही संघ एकमेकांच्या शेजारचे होते. क्रुक आणि बिशप ऑकलंड यांच्यात आठ-नऊ किलोमीटरचं अंतर. हे दोघे लंडनला वेम्बलीवर गेले, एक लाख लोकांसमोर खेळले आणि २-२ अशी बरोबरी झाली. पुन्हा सामना ठेवला न्यूकॅसलला, सेंट जेम्स पार्कवर. छपन्न हजार लोक आले. पुन्हा २-२. तिसरा सामना मिडल्सब्रोला, एअरसम पार्कवर. तिथे क्रुकने १-० असा निकाल लावला. तीन सामने मिळून जवळजवळ दोन लाख प्रेक्षक, आणि मैदानावर एकही पगारी खेळाडू नाही!

क्रुकला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुख्य रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेलो. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. दोन लाखांचा आकडा तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळला.

बिशप ऑकलंडचा पोशाख दोन निळ्या रंगांचा का?

ऑकलंड कॅसल हे डरहॅमच्या बिशपांचं जुनं निवासस्थान. तिथे धर्मशास्त्र शिकायला आलेल्या ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी या गावात फुटबॉल रुजवला. एका विद्यापीठाचा गडद निळा, दुसऱ्याचा फिकट निळा. खाणकामगारांच्या पोरांनी तो पोशाख पुढे शंभरावर वर्षं अंगावर वागवला. अजूनही क्लबला ‘टू ब्लूज’ म्हणतात.

म्युनिकच्या अपघातानंतर या क्लबने मँचेस्टर युनायटेडला मदत केली, हे खरं का?

खरं आहे. फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकला विमान कोसळून मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले. जखमींपैकी काही पुन्हा कधीच खेळू शकले नाहीत. संघ उभा करायला माणसं नव्हती. तेव्हा बिशप ऑकलंडचे तिघे तिकडे गेले: डेरेक लेविन, वॉरन ब्रॅडली आणि बॉब हार्डिस्टी. राखीव संघाचे सामने पार पडावेत, मुख्य संघावरचा ताण हलका व्हावा, एवढाच हेतू.

हार्डिस्टीचं वय तोवर खेळायचं राहिलं नव्हतं. पण तो ग्रेट ब्रिटनकडून तीन ऑलिंपिक खेळलेला, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्या संघाचे प्रशिक्षक होते मॅट बझ्बी, म्हणजे मँचेस्टर युनायटेडचेच व्यवस्थापक. जुनी ओळख कामी आली. (त्याच १९४८ च्या स्पर्धेत भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी फ्रान्सशी खेळले होते.) ब्रॅडली पेशाने शिक्षक. तो मात्र तिकडेच राहिला, युनायटेडच्या मुख्य संघात आला, आणि १९५९ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून तीन सामने खेळला.

मोठ्या क्लबने छोट्याला उसने खेळाडू द्यायचे, ही नेहमीची रीत. इथे घेणारा मँचेस्टर युनायटेड होता आणि देणारं होतं डरहॅममधलं बाजाराचं एक गाव.

‘पहिला वर्ल्ड कप’ वेस्ट ऑकलंडने जिंकला म्हणतात. ही दंतकथा आहे का?

चषक खरा, सामने खरे, विजय खरा. ‘वर्ल्ड कप’ हे नाव मात्र गावाने प्रेमाने दिलेलं.

लिप्टनचा चहा तुम्ही प्यायला असाल. त्या सर थॉमस लिप्टन यांनी १९०९ मध्ये इटलीतल्या ट्यूरिनला एक स्पर्धा भरवली. इटली, जर्मनी आणि स्वित्झर्लंडने संघ पाठवले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हात वर केले. मग निमंत्रण गेलं वेस्ट ऑकलंडला, खाणकामगारांच्या संघाला. ‘डब्ल्यू. ए.’ या अक्षरांमुळे घोटाळा झाला, बोलवायचं होतं वूलिच आर्सेनलला, अशी एक गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, पण तिला कागदाचा आधार नाही.

प्रवासाचा खर्च खेळाडूंनी स्वतःच्या खिशातून केला. काहींनी घरातल्या वस्तू विकल्या किंवा गहाण टाकल्या. खाणीतली मजुरी बुडाली ती वेगळी. स्टुटगार्टच्या संघाला २-०, अंतिम सामन्यात विंटरथूरला २-० हरवून ते चषक घेऊन घरी आले. १९११ मध्ये चषक राखायला पुन्हा गेले आणि या वेळी अंतिम सामन्यात इटलीच्या नामांकित युव्हेंटसला ६-१ असं हरवलं. युव्हेंटसला, सहा गोल.

परत आले तेव्हा क्लब कर्जात होता. चषक गावातल्या हॉटेलच्या मालकीणबाईंकडे ४० पौंडांना तारण ठेवावा लागला. तो तिथेच जवळजवळ पन्नास वर्षं पडून राहिला. १९६० मध्ये गावाने वर्गणी काढून १०० पौंडांना तो सोडवून आणला. १९९४ मध्ये तो चोरीला गेला आणि आजवर मिळाला नाही. आता आहे ती प्रतिकृती. २०१३ मध्ये गावाच्या हिरवळीवर या विजयाचं शिल्प उभारलं. आमच्याकडे पाहुणे आले की डरहॅमचं कॅथेड्रल दाखवून झाल्यावर मी त्यांना इथे आणतो.

बार्सिलोनाशी या लीगचा काय संबंध?

जॅक ग्रीनवेल. क्रुकचा खाणकामगार, क्रुक टाउनचा खेळाडू. १९०९ च्या ट्यूरिन दौऱ्यात तो पाहुणा खेळाडू म्हणून वेस्ट ऑकलंडबरोबर गेला होता. पुढे बार्सिलोनाला गेला, आधी खेळला, मग १९१७ पासून सात वर्षं तिथला प्रशिक्षक झाला. १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद पेरूने मिळवलं, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षकही हाच. क्रुकच्या खाणीतून निघालेला माणूस लिमाला पोचला! त्याच्या ओळखीने क्रुक टाउनचा संघही स्पेनला जाऊन बार्सिलोनाशी खेळून आला. ग्रीनवेलचं नाव इंग्लंडमध्येही फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बिलिंगहॅम सिंथोनिया हे काय नाव आहे?

खताचं! बिलिंगहॅमच्या रसायन कारखान्यात कृत्रिम अमोनिया बनायचा. ‘सिंथेटिक’ आणि ‘अमोनिया’ जोडून ‘सिंथोनिया’. क्लब कारखान्यातल्या कामगारांचा.

ब्लाइथ स्पार्टन्सची गोष्ट थोडक्यात सांगाल?

१९७७-७८ चा एफए कप, म्हणजे लहान-मोठ्या क्लबांची देशव्यापी बाद फेरीची स्पर्धा. ब्लाइथ हे नॉर्दम्बरलंडच्या किनाऱ्यावरचं कोळशाचं बंदर, संघ नॉर्दर्न लीगमधला. चौथ्या फेरीत त्यांनी स्टोक सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवलं. पाचव्या फेरीत रेक्समच्या मैदानावर ब्लाइथ १-० पुढे होते, वेळ संपत आली होती. रेक्समला कॉर्नर मिळाला, तो वाया गेला, पण कोपऱ्यातला झेंडा आडवा पडला होता म्हणून पंचांनी कॉर्नर पुन्हा घ्यायला लावला. त्यावर गोल झाला. पुन्हा सामना सेंट जेम्स पार्कवर झाला. ४२ हजारांवर लोक आत, कित्येक बाहेर. ब्लाइथ २-१ हरले. जिंकले असते तर उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनल त्यांच्या अंगणात आला असता.

एवढा इतिहास असलेली लीग नवव्या पायरीवर कशी?

हा खरा प्रश्न, आणि इथल्या क्लबच्या दिवाणखान्यांत त्यावर अजून वाद होतात.

१९६८ मध्ये नॉर्दर्न प्रीमियर लीग निघाली. १९७९ मध्ये देशभरासाठी अलायन्स प्रीमियर लीग आली. हळूहळू सगळ्या छोट्या लीग एकाखाली एक लावून पिरॅमिड तयार झाला: वर गेलात की मोठी लीग, हरलात की खाली. नॉर्दर्न लीग बाहेर राहिली. आम्ही कुणाच्या हाताखालची लीग नाही, हा मान त्यात होता. पण नुसता मान नव्हता. वरच्या लीगमध्ये जायचं म्हणजे पेनाइन डोंगर ओलांडून लँकशायरपर्यंत, त्याहून लांब प्रवास. मंगळवारी रात्री सामना खेळून बुधवारी सकाळी पाळीवर जायचं कसं? आणि शेजारच्या गावाशी होणारे सामने गेले, तर फाटकावर पैसे देणार कोण?

१९९१ मध्ये लीग पिरॅमिडमध्ये आली, तोवर वरच्या जागा भरल्या होत्या. मधल्या काळात बिशप ऑकलंडसारखे मोठे क्लब सोडून गेले. दुसरीकडे खाणी बंद पडत होत्या. डरहॅमच्या १९५१ च्या विकास आराखड्याने शंभरावर खाणगावांना ‘ड’ वर्गात टाकलं होतं, म्हणजे तिथे नवीन बांधकाम नाही, गाव आपोआप ओस पडू द्यायचं. ज्या गावांचा फुटबॉल, त्या गावांवरच शिक्का बसला.

पुष्कळ जण म्हणतात की लीगने हट्टापायी आपलं नुकसान केलं. पायरी गेली हे खरंच. पण क्रुक, टो लॉ, वेस्ट ऑकलंड इथे शनिवारी अजूनही फाटक उघडतं. घराजवळ खेळायचा निर्णय माझ्या मते बरोबर होता.

मग आज दर्जा कसा आहे?

एफए व्हाज बघा. खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांची देशव्यापी स्पर्धा, एमेच्युअर कप बंद झाल्यावर सुरू झालेली. व्हिटली बेने २००९, २०१० आणि २०११ अशी सलग तीन वर्षं जिंकली. मग डन्स्टन, स्पेनीमूर, २०१५ ला नॉर्थ शील्ड्स, २०१६ ला मॉर्पेथ, २०१७ ला साउथ शील्ड्स. नऊ वर्षांत आठ विजेतेपदं, आणि मधल्या २०१४ च्या अंतिम सामन्यातही वेस्ट ऑकलंड होताच, पण हरला. २०२० चा अंतिम सामना साथीमुळे मे २०२१ मध्ये झाला: हेबर्न विरुद्ध कॉन्सेट, दोन्ही इथलेच, आणि वेम्बली रिकामं. हेबर्न ३-२ जिंकलं. ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली त्यांना तो टीव्हीवर पाहावा लागला.

साउथ शील्ड्सचा कर्णधार होता हुलिओ आर्का, अर्जेंटिनाचा, प्रीमियर लीग खेळलेला. निवृत्तीनंतर रविवारच्या स्थानिक लीगमध्ये मित्रांबरोबर खेळत होता, तिथून इथे आला.

इथून मोठे झालेले खेळाडू कोण?

ख्रिस वॉडल टो लॉ टाउनकडून खेळायचा आणि दिवसा सॉसेजचा मसाला बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. १९८० मध्ये न्यूकॅसलने त्याला घेतलं. पुढे इंग्लंडकडून वर्ल्ड कप खेळला. फ्रँक क्लार्कने १९६२ मध्ये क्रुककडून एमेच्युअर कप जिंकला आणि १९७९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून युरोपियन कप. शेमस ओ'कॉनेल हा गुरांचा व्यापारी. बिशप ऑकलंडचा असताना चेल्सीकडूनही हौशी म्हणून खेळला आणि पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तीन गोल केले. सामना चेल्सी ६-५ हरली, पण त्या हंगामाचं विजेतेपद तिचंच.

आमचं डार्लिंग्टन या सगळ्यात कुठे?

सुरुवातीला आणि पुन्हा एकदा मध्येच. १८८९ च्या दहांत डार्लिंग्टन होताच. पुढे फुटबॉल लीगमध्ये गेला. २०१२ मध्ये क्लब आर्थिक संकटात कोसळला, समर्थकांनी पैसे जमवून तो उचलला, पण असोसिएशनने त्याला नवा क्लब ठरवून थेट नॉर्दर्न लीगमध्ये पाठवलं. नाव ‘डार्लिंग्टन १८८३’, घरचं मैदान बिशप ऑकलंडचं उसनं. पहिल्याच हंगामात लीग जिंकून ते वर गेले.

सामना बघायला कसं जायचं?

हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो आणि वसंतात संपतो. शनिवारी दुपारी तीनला, आठवड्याच्या मधल्या सामन्यांना संध्याकाळी. आगाऊ तिकीट लागत नाही, फाटकावर पैसे द्यायचे. थोडे सुट्टे जवळ ठेवा. डार्लिंग्टनहून बिशप ऑकलंडची गाडी शिल्डनवरून जाते, दोन्ही ठिकाणी क्लब आहे.

पण एकदा तरी टो लॉला जा. मैदान डोंगराच्या माथ्यावर आहे, रस्त्याचं नाव आयर्नवर्क्स रोड, पण लोखंडाचा कारखाना कधीच गेला. १९६७ मध्ये याच मैदानावर त्यांनी एफए कपमध्ये मॅन्सफिल्ड टाउनला ५-१ हरवलं होतं. मी गेलो तो जानेवारीचा दिवस होता. चहाच्या खिडकीतल्या बाईंनी माझे हात बघितले आणि कप भरून देताना वर आणखी एक रिकामा कप चढवून दिला, धरायला बरं म्हणून. वारा असा, की गोलरक्षकाने मारलेला चेंडू वर जाऊन थांबला आणि त्याच्याच दिशेने परत आला. कठड्याला टेकलेले म्हातारे काही बोलले नाहीत, फक्त कॉलर वर केली. त्यांना ते रोजचंच होतं. जाड मोजे घाला, आणि उत्तरेकडच्या कठड्यापाशी उभे राहू नका.